खुंट, काठी, फाटी: गिरिपुष्प आणि वाळुंजाच्या तोडणीच्या नोंदी

२३ मे २०२१

तौक्ते वादळाला आठवडा होऊन गेला. आमच्याकडे कुडाळ तालुक्यात अजून वीज नाही. परड्यात दोन माड आणि एक फणस आडवा. गडग्याच्या कडेची गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) रांग तर सगळीच झोपली आहे. वडिलांनी कधी काळी लावलेले खुंट. मुळं बघितली तर पसरट, हातभरसुद्धा खोल गेलेली नाहीत. त्याच रांगेच्या टोकाला बी पडून आपोआप रुजलेलं एक झाड मात्र ताठ उभं आहे. फांदी लावून वाढवलेल्या गिरिपुष्पाला सोटमूळ नसतं, ते असं दिसलं.

पडलेलं लाकूड सरपण म्हणून रचून ठेवणं सोपं होतं. पण एवढ्या काठ्या एका वेळी पुन्हा हाताशी येणार नाहीत. वरकशीचा आठ गुंठ्यांचा तुकडा कित्येक वर्षं पडीक आहे, तो मुद्दाम तोडायच्या झाडांसाठी काढून ठेवावा असं बरेच दिवस डोक्यात होतं. कारण साधं. स्वयंपाक गॅसवर होतो, पण न्हाणीतलं पाणी आजही चुलीवरच तापतं. दिवसाला चार-पाच किलो लाकूड जातं, म्हणजे वर्षाला दीड टन. त्यातलं निम्मं माडाची चुडतं, सोडणं आणि करवंट्यांवर भागतं. उरलेलं डोंगरातून येतं. शिवाय तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) भाजावळीसाठी, म्हणजे तिथली जमीन भाजायला, दरवर्षी ऐन आणि किंजळाची कवळं (पाल्याच्या फांद्या) तोडली जातात ती वेगळीच. आमच्या वरच्या भरडावरचे ऐन बघितले की ही झाडं आहेत की खांब, असा प्रश्न पडतो.

काठ्या निवडल्या. मनगटाएवढ्या जाड त्या बाजूला, अंगठ्याहून बारीक त्या जळणात. सव्वा मीटर लांबी, खालचं टोक तिरकं, वरचं किंचित उतरतं म्हणजे पाणी थांबत नाही. फणसाच्या सावलीत उभ्या करून ठेवल्या आहेत.

६ जून २०२१

लावणी झाली. पहारीनं भोक पाडून काठी हातभर आत, भोवतीची माती टाचेनं घट्ट. पहार न मारता काठीच ठोकली तर साल सोलवटते आणि तिथून कुजते.

तुकड्याचे तीन भाग पाडले आहेत. दोन गुंठे पाल्यासाठी: ओळींत एक मीटर, काठ्यांत अर्धा मीटर. चार गुंठे फाट्यांसाठी (जळणाच्या लाकडासाठी): एक मीटर बाय एक मीटर, म्हणजे चारशेच्या आसपास खुंट. दीड गुंठा बारीक सरळ काठ्यांसाठी, तिथं अंतर आणखी कमी, कारण दाटीत काठी उजेडाकडे सरळ जाते आणि फांद्या कमी फुटतात. उरलेला खालचा कोपरा व्हाळाला (ओढ्याला) लागून आहे. पावसात तिथं घोटाभर पाणी उभं असतं, गिरिपुष्प तिथं तग धरणार नाही. त्यासाठी एका मित्राच्या नदीकाठावरून वाळुंजाच्या काठ्या आणल्या. वाळुंज विलोच्या कुळातला, पाण्यातलाच. त्याचं बी कापसासारखं उडतं आणि फार दिवस जगत नाही, म्हणून फांदीच लावायची.

काकी बघायला आली होती. वाळुंज तिच्या खिजगणतीत नाही. गिरिपुष्पाबद्दल मात्र म्हणाली, "उंदीरमारीक मराण नाय. तू लावलंस काय आणि फेकलंस काय, येतलीच."

१८ जुलै २०२१

फेकलेल्यासुद्धा फुटल्या आहेत. उंबऱ्यापाशी टेकून ठेवलेली एक काठी मातीला न लागताच पालवली. पण हे फसवं असतं. काठीत साठलेल्या रसावर पानं येतात, मुळं नंतर. हलवून बघितलं की कळतं. ज्या घट्ट आहेत त्या धरल्या.

१३ फेब्रुवारी २०२२

पहिली छाटणी. पानं जवळजवळ सगळी गळली आहेत. फाट्यांच्या आणि काठ्यांच्या भागात गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडलं, पाल्याच्या भागात कमरेएवढं. पाल्याची तोड ऐन पावसात असते, वाकून वाकून पाठ जाते, म्हणून उंच. फाट्यांचा खुंट बुटका ठेवला म्हणजे फुटवे जमिनीलगत जाड होतात आणि वाऱ्याला कमी सापडतात. वादळात काय झालं ते बघितल्यावर हे महत्त्वाचं वाटतं: मुळं पसरट असतील तर वरचा डोलारा मोठा होऊ द्यायचा नाही.

तोडायची रीत इथं लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी हाताशी गडी वेगळा असेल. कोयता खालून वर मारायचा, तिरका. वरून खाली मारला की पात्याखालचं लाकूड फाटतं आणि साल खुंटावरून पट्टीसारखी ओघळते. त्या पट्टीखालचे डोळे मेले म्हणून समजा. फुटवा येतो तो साल आणि लाकूड यांच्या सांध्यातून, तेव्हा खुंटाच्या कडेची साल चिकटलेली राहणं हीच सगळी कमाई. अंगठ्याहून जाड असेल तर करवतच घ्यायची. गिरिपुष्पाच्या कोवळ्या सालीवर पांढुरके बारीक ठिपके असतात, खाली हिरवट थर. नखानं खरवडून हिरवं दिसलं तर खुंट जिवंत.

१० जुलै २०२२

पाल्याची पहिली खरी तोड. डॉ. एन. के. सावंतांच्या चारसूत्रीनं (चार सूत्रांच्या लागवड पद्धतीनं) भात लावणारे कोकणात पुष्कळ आहेत. त्यातलं दुसरं सूत्र हेच: गुंठ्याला तीस किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला. आमचं भात आठ गुंठे, म्हणजे दोनशे चाळीस किलो लागतो. पहिल्या वर्षी निम्माच निघाला, तो घराजवळच्या चार कोपऱ्यांत (लहान भातखाचरांत) घातला.

फांद्या पाल्यासकट पसरायच्या. आठवड्यात पानं आपोआप गळून चिखलात जातात. मग काड्या वेचून काढायच्या आणि चिखलणी करायची. या वेचलेल्या काड्या पुन्हा न्हाणीच्या चुलीत. पानं कुजताना शेतात जो वास सुटतो तो कुणालाच आवडत नाही. आमच्या घरात त्यावरून दोन दिवस कुरबुर चालली.

हिशेब घालून बघितला. दोनशे चाळीस किलो ओला पाला म्हणजे सुकून साठ किलोच्या आसपास. त्यात तीन टक्के नत्र धरलं तर पावणेदोन-एक किलो. युरियात नत्र शेकडा शेहेचाळीस, म्हणजे चार किलो युरियाची बरोबरी. पैशात बघाल तर हास्यास्पद रक्कम. पण युरियाच्या पोत्यात माती भुसभुशीत करणारं काही नसतं, आणि आमच्या कोपऱ्यांची जांभ्याची माती पाला गिळून टाकते.

लावणी पंधरा-पंचवीस सेंटीमीटर अंतराच्या दोरीवर केली. चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी. हे सगळं नेमानं करणाऱ्याला गड्यांची बोलणी खावी लागतात, कारण दोरीवर लावणी सावकाश होते.

काकीचा भाजावळीवरचा विश्वास काही हलला नाही. "ऐनाच्या राखेवर तरवो येता तसो खंयच येवचो नाय." तिच्या तरव्याकडे बघून वाद घालता येत नाही. राखेचा फायदा आहेच, तण जळतं हाही आहे. चारसूत्रीतलं पहिलं सूत्रसुद्धा राखेचंच आहे, तरव्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. आम्ही यंदा एक वाफा तसा केला. दोन वाफ्यांत तिला फरक दिसला, मला दिसला नाही. आमच्याकडे पुढच्या वर्षीपासून कवळं बंद, तिच्याकडे चालू. ऐन आणि किंजळ दोन्ही १९६४च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत, गिरिपुष्प नाही. माझ्या दृष्टीनं जमेची बाजू ही की उद्या हा तुकडा मोकळा करायचा ठरला तरी कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायला नको.

४ डिसेंबर २०२२

वाळुंजाचा कोपरा. पाणी ओसरलं आहे, पण पाय अजून रुततो. काठ्या पुरुषभर उंच, करंगळीएवढ्या जाड, पानाची खालची बाजू पांढरट असल्यानं वारा आला की सगळा कोपरा रंग बदलतो. काही झाडांना फुलांचे तुरे यायला लागले आहेत. नर आणि मादी झाडं निराळी, तेव्हा तुऱ्यांवरूनच कळेल मित्रानं काय दिलंय.

बोटाभोवती गुंडाळून बघितल्या. कोवळी काठी वळते, तुटत नाही. दोन वर्षांची झाली की कटकन मोडते. जगभर विणकामासाठी वाळुंजाचे भाऊबंद दर हिवाळ्याला तोडतात ते यासाठीच. इंग्लंडात सॉमरसेटच्या दलदलीत टोपल्यांसाठी त्यांची शेतंच्या शेतं होती, काही अजून आहेत. काश्मिरात कांगडीची (निखाऱ्याच्या शेगडीची) परडी अशाच भाऊबंदांच्या काड्यांची. क्रिकेटच्या बॅटचा विलोही याच कुळातला, पण तो असा तोडत नाहीत, त्याचं खोड वर्षानुवर्षं जपून वाढवतात. हे सांगितल्यावर पुतण्याला वाटलं आपण बॅटी करणार. त्याची समजूत काढायला वेळ लागला.

आमचा वाळुंज त्यांच्याइतका लवचिक नाही असं माझं मत झालंय. बारीक सुबक टोपली याची होईल असं वाटत नाही. वईत (कुंपणात) विणायला आणि शेण वाहायची जाड पाटी करायला उत्तम.

१९ फेब्रुवारी २०२३

काठ्यांचा भाग आणि वाळुंज, दोन्ही तोडले. गिरिपुष्पाच्या एका वर्षाच्या काठ्या आठ-नऊ फुटांच्या, बुंध्याशी अंगठ्याएवढ्या. फुटवे पावसाच्या सुरुवातीला विरळले होते, खुंटाला पाच-सहाच ठेवून. ज्या ओळीत विरळणी राहिली तिथं वीस-वीस काड्या आल्या आहेत, एकही कामाची नाही.

भाजीच्या परड्याला वई घातली. हात-हात अंतरावर गिरिपुष्पाच्या मेखा ठोकल्या, त्यांतून वाळुंजाच्या काठ्या एक आत एक बाहेर अशा विणल्या. काठी संपते तिथं नवीन काठीचा बुंधा आधीच्या शेंड्यावर येईल असं बघायचं. दर ओळीला दिशा बदलायची, नाहीतर सगळे बुंधे एका टोकाला जमतात आणि वई तिकडे झुकते. वर दोन आडव्या काठ्या केवणीच्या सालीनं बांधल्या. केवण भिजवून घेतली की गाठ सुकल्यावर आवळते. सुंभ विकत मिळतो, पण दोन पावसात कुजतो. केवणही कुजेल, निदान फुकट आहे.

मेखा ओल्या आहेत, जूनमध्ये फुटतील. फुटाव्यात असंच ठरवलंय. जिवंत खांबांना वाळवी सहसा लागत नाही.

११ जून २०२३

पाऊस यंदा उशिरा आला, आज कुठे ढग दाटलेत. पडवळ आणि दोडक्याच्या बिया टाकल्या. मांडव गेल्या आठवड्यात उभा केला.

मेढी (मांडवाचे खांब) तीन वर्षांच्या जुन्या फांद्यांच्या, गडग्यावरच्या जगलेल्या झाडाच्या. वर बेळकं असलेल्या निवडल्या. त्या बेळक्यात आडवी काठी बसते, बांधायची गरज फारशी पडत नाही. ओल्याच पुरल्या. अर्ध्या पालवल्यासुद्धा. हे दुधारी आहे. जिवंत मेढ पावसात कुजत नाही, बांबूची मेढ दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीलगत मोडतेच. पण जिवंत मेढ सावली करते आणि पडवळाला तर ऊन हवं असतं. त्यामुळे मेढीच्या डोक्यावरचे फुटवे महिन्यातून एकदा ओरबाडून काढायचे. तो पाला आळ्यातच टाकायचा, काम वाया जात नाही.

मांडवावर आडव्या घातलेल्या काठ्या मात्र फुटायला नकोत, म्हणून फेब्रुवारीत तोडून सुकवलेल्याच वापरल्या. त्यांची साल तशीच आहे. सालीखाली किडा होणार हे नक्की.

२० ऑगस्ट २०२३

सालीचं उत्तर मिळालं. पावसात तोडलेल्या काठीची साल हातानं सोलता येते. बुंध्याशी कोयत्यानं चीर द्यायची, बोटं आत घालायची आणि ओढायचं. लांबच्या लांब पट्टी निघते, आतली काठी गुळगुळीत, ओलसर, पिवळट पांढरी. हवेला लागल्यावर तासाभरात तपकिरी होते. फेब्रुवारीत तोडलेल्या काठीशी हेच करून बघा, साल लाकडाला डकवल्यासारखी बसलेली असते, कोयत्यानं तासावी लागते. तेव्हा सोललेल्या काठ्या हव्या असतील तर श्रावणात तोडायच्या आणि वईच्या-मांडवाच्या सालीसकट चालणाऱ्या काठ्या माघात.

श्रावणातल्या तोडीचा तोटा असा की त्या वर्षीची वाढ अर्धीच पदरात पडते आणि काठी सुकत नाही. माळ्यावर चुलीच्या धुराला टांगून ठेवल्या आहेत.

पाला यंदा दोनशे चाळीसच्या पुढे गेला, आठही गुंठ्यांना पुरला. पाल्याच्या भागातले खुंट आता मुठीसारखे गाठाळ झालेत. काही फुटव्यांच्या शेंड्यांवर काळा मावा आहे. त्याच्या चिकट्यावर काजळी धरते. औषध मारायचा प्रश्नच नाही, शेंडेच तोडून टाकले.

२५ फेब्रुवारी २०२४

फाट्यांची पहिली तोड. चार गुंठ्यांपैकी निम्मा भाग, दोन वर्षं वाढू दिलेला. उरलेला निम्मा पुढच्या वर्षी, तेव्हा तो तीन वर्षांचा होईल आणि दोन्हींची तुलना करता येईल.

तोड जरा लांबवली, कारण झाड फुलावर होतं. पानं नसलेल्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुलं, सकाळी मधमाश्यांचा आवाज गडग्यापर्यंत येतो. दरवर्षी तोडल्या जाणाऱ्या काठ्यांच्या भागात एकही फूल नाही, कारण फूल जुन्या लाकडावर येतं. या तुकड्यात ही गोष्ट सारखी समोर येते. झाड तेच, माती तीच, पण कोयता किती अंतरानं येतो त्यावर सगळं ठरतं. दोन-दोन महिन्यांनी आलात तर पाला मिळतो, लाकूड नाही. वर्षानं आलात तर सरळ काठी, फूल नाही. दोन-तीन वर्षं थांबलात तर फाटी आणि फुलं, पण पाला उंच गेलेला, हाताला न येणारा. एकाच खुंटाकडून सगळं काढायला जाणारे शेवटी खुंट मारतात. गावात गिरिपुष्प 'काही कामाचं नाही' म्हणणारे लोक आहेत, त्यांच्याकडे बहुधा मनाला येईल तेव्हा ओरबाडलेलं झाड असतं.

ओलं वजन सातशे वीस किलोच्या आसपास भरलं, काट्यावर भारे टाकून. हातभराचे तुकडे करून जांभ्याच्या चिऱ्यांवर रचले, जमिनीपासून वीतभर वर, वाळवीसाठी. जाड तुकडे मधून चिरले. न चिरलेलं मनगटाएवढं लाकूड सालीच्या आत ओलं राहतं. वर पत्रा, चारही बाजू उघड्या. कापड गुंडाळून रचणारे पाहिलेत, त्यात बुरशी येते.

२६ मे २०२४

पावसाची बेगमी खोपीत भरली. तेच लाकूड आता चारशे तीस किलो. फेब्रुवारीच्या पुढे तोडलं असतं तर हे साधलं नसतं. इथं पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि जूननंतर लाकूड सुकत नाही, उलट हवेतली ओल शोषून घेतं.

म्हणजे वर्षाला चारशेच्या जरा वर. डोंगरातून येणारं लाकूड साडेसातशे धरलं तर निम्म्याहून थोडं अधिक भागलं. चार गुंठ्यांकडून याहून जास्त मागणं बरोबर नाही. उरलेल्यासाठी गडग्याची रांग पुन्हा उभी करतोय, यावेळी बी टोकून. हळू येईल, पण वादळात उभी राहील.

जाळून बघितलं. गिरिपुष्पाचा निखारा टिकतो, ठिणग्या उडत नाहीत, धूर बेताचा. सकाळी एकदा भरलेली चूल शेवटच्या माणसाच्या अंघोळीपर्यंत धगधगते. वाळुंजाचं लाकूड हलकं, भरकन पेटतं आणि भरकन संपतं. काकीनं चुलीपुढे बसून निकाल दिला, "ह्यां पेटता बरां, पण ऱ्हवत नाय." तेव्हा वाळुंजाच्या वईतून उरलेले तुकडे चूल पेटवायला, वर गिरिपुष्प. रॉकेल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून चूल पेटवायची सवय या निमित्तानं घरातून गेली, हे चांगलं झालं.

१७ नोव्हेंबर २०२४

गव्यांनी वईचा पूर्वेकडचा भाग मोडला. खाल्लं काही नाही, चालत गेले एवढंच. जिवंत मेखा वाकल्या पण मुळासकट निघाल्या नाहीत. विणकाम मात्र चुरा झालं. गव्याला अडवेल अशी वई लाकडाची होत नाही, ती बकऱ्या आणि मोकाट गुरांपुरतीच समजायची. बकऱ्यांना गिरिपुष्पाचा पाला आवडतो, विशेषतः सुकवून घातलेला. गायी नाक मुरडतात. घोड्यांना तो विषारी.

फेब्रुवारीत करायचं: फाट्यांचा दुसरा निम्मा भाग, वजन ओलं आणि सुकं दोन्ही. पहिल्या भागात खुंटाला चारच फुटवे ठेवणे. मांडवाच्या दोन मेढी बदलणे, त्यांचं डोकं मेलंय. वाळुंजाच्या कोपऱ्यात आणखी एक ओळ, व्हाळाच्या काठाला चिकटून. तिथं पावसात माती धसते आहे आणि वाळुंजाची मुळं ती धरतील असं दिसतंय. काठ्या काकीनं स्वतःहून मागितल्यात, तिच्याही व्हाळाच्या बांधाला लावायला. तिच्यासाठी भारा बाजूला काढून ठेवणे.